सूत पेळूतच ठरतं

विणकाम मला शाळेत असल्यापासून येतं. आईने दोन सुया हातात दिल्या, सुलट-उलट शिकवलं, आणि पुढे घरातल्या बहुतेक बाळंतविड्यांतली टोपडी आणि मोजे माझ्याच सुयांवरून उतरले. आपण दुकानात जिला लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असते. रंग सुरेख, भाव परवडणारा, धुवायला सोपी, त्यामुळे तिच्याविषयी माझी तक्रार कधीच नव्हती. पण भाचीला दिवस गेले आणि बाळ येणार होतं ऐन एप्रिलमध्ये. पुण्याच्या उन्हाळ्यात तान्ह्या बाळाच्या डोक्यावर अ‍ॅक्रिलिकचं टोपडं चढवायचं मनाला पटेना. सुती धागा शोधायला लागले, तर विणायचा म्हणून मिळणारा धागा चकचकीत, पीळ घट्ट बसलेला आणि हाताला कडक लागला. मऊ, किंचित फुगीर, घाम टिपणारं सूत हवं होतं. ते आपणच कातून बघावं, असं तेव्हा मनात आलं.

कातायला शिकताना मला जे कळलं त्यातलं सगळ्यात मोलाचं आधीच सांगते, कारण नव्याने शिकणारा बहुतेक जण तिथेच अडतो आणि सोडून देतो. सूत चांगलं की वाईट हे चरख्यावर फार थोडं ठरतं. ते त्याच्या आधी, कापसात आणि पेळूत, म्हणजे कातण्यासाठी वळलेल्या कापसाच्या नळीत, ठरलेलं असतं. धागा सारखा तुटायला लागला की माणूस आपल्या हाताला दोष देतो, मग चरख्याला देतो. खरं कारण डाव्या हातातल्या पेळूत असतं.

सुरुवात केली ती टकळीवर. आत्या ऐंशीच्या पुढची आहे. तिच्या शाळेत सूतकताईचा तास असायचा. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली, हाताच्या उद्योगातून शिक्षण हा विचार रुजला, आणि पुढे आपल्याकडच्या कित्येक प्राथमिक शाळांत टकळी पोचली. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांवर ‘जीवन शिक्षण मंदिर’ अशी पाटी अजून दिसते, ती त्याच काळातली. आत्याच्या घरी तर टकळी त्याच्याही आधीपासून होती. आजोबा जानव्यासाठी सूत स्वतः काढायचे. चार बोटांभोवती शहाण्णव वेढे मोजायचे, मग पदर करायचे आणि पुन्हा पीळ द्यायचा. हे ती लहानपणी रोज बघायची. मी टकळीचा विषय काढला तेव्हा तिने माळ्यावरच्या डब्यातून तिची टकळी काढून दिली. पितळेची चकती, तिच्यातून गेलेली पोलादी काडी, काडीच्या वरच्या टोकाला बारीक आकडा. काळी पडली होती. चिंचेने घासल्यावर लख्ख झाली.

“वाती वळतेस ना, मग तुला येईल,” आत्या म्हणाली. तिचं म्हणणं खरंच होतं. चातुर्मासात फुलवाती, तेलवाती, वस्त्रमाळा वळणाऱ्या घरांत मुलींच्या बोटांना कापूस ओळखीचा असतो. किती ओढला म्हणजे तो लांबतो आणि किती ओढला म्हणजे सुटतो, हे चिमटीला ठाऊक असतं. कोकणात तर वातींसाठी परसात देवकापसाचं झाड असतं. कातताना तीच ओळख उपयोगी पडते, फक्त वात वीतभर असते आणि सूत थांबत नाही.

टकळी वाटीत किंवा करवंटीत टेकवून उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने फिरवायची. डाव्या हातात पेळू. आधी दोन-तीन वेढे असलेला जुना धागा काडीला बांधून घ्यायचा, त्याच्या टोकावर पेळूचं तोंड ठेवायचं आणि टकळीला चुटकी द्यायची. पीळ धाग्यातून वर चढतो, पेळूच्या तोंडाशी पोचतो आणि तंतूंना पकडतो. त्या क्षणी डावा हात वर न्यायचा. हात पुरेसा उंच गेला की धागा आकड्यातून सोडवून चकतीच्या वर गुंडाळायचा, पुन्हा आकड्यात अडकवायचा आणि पुढचा हात.

इथे एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. पीळ सगळीकडे सारखा बसत नाही, तो बारीक जागेकडे आधी पळतो. धाग्यात मध्येच एक जाडसर, फुगीर जागा आली की तिच्यात पीळ कमी असतो, म्हणजे तिच्यातले तंतू अजून एकमेकांवरून सरकू शकतात. अशा वेळी टकळीला हात न लावता धागा हलकेच ताणला की ती जाड जागाच लांबते आणि शेजारच्या बारीक जागेइतकी होते. बारीक जागा पिळाने घट्ट झालेली असते, ती हलत नाही. धागा आपली जाडी अशी स्वतःच सारखी करत जातो, आपण फक्त ताण किती द्यायचा ते सांभाळायचं. हे एकदा डोळ्यांसमोर घडताना दिसलं की हातावरचं दडपण उतरतं. चिमटीने कापूस कुस्करून ‘धागा करायची’ गरज नसते. चिमूट जितकी सैल तितकं सूत चांगलं.

मात्र हे सगळं घडायला पेळू तसा हवा. ऑनलाइन मागवलेले पेळू पार्सलमध्ये दबून पापडासारखे झाले होते. उघडून पाहिले तर आत बारीक बारीक गाठी आणि अगदी तोकडे तंतू. धागा हातभर निघायचा आणि तुटायचा. औषधांच्या दुकानातला कापूसही घेऊन पाहिला. तो पांढराशुभ्र आणि स्वच्छ असतो, पण पाणी शोषावं म्हणून त्यातला नैसर्गिक मेणचटपणा काढून टाकलेला असतो, आणि तंतूंना एकमेकांवरून सहज सरकवतो तो नेमका तोच. बोटांत तो कापूस किरकिरतो आणि अडकतो. उशीतली सावर तर कातलीच जात नाही. सावरीचा तंतू गुळगुळीत, पोकळ नळीसारखा असतो, पीळ दिला तरी तो दुसऱ्या तंतूला धरत नाही. कपाशीच्या तंतूचं वेगळं आहे. बोंड उघडून वाळलं की आतला गोल तंतू बसतो, चपट्या फितीसारखा होतो आणि जागोजागी स्वतःभोवती वळतो. त्या वळणांमुळेच तो शेजारच्या तंतूत गुंततो. एका बीच्या सालीवर उगवलेला हा केस, एकाच पेशीचा, त्याच्या या वळणांवर कापडाचा एवढा मोठा व्यवहार उभा आहे. तंतूची लांबी, बारीकपणा आणि ताकद तपासणारी प्रयोगशाळा मुंबईत माटुंग्याला 1924 साली सुरू झाली आणि तिथे हे काम आजही चालतं. हे वाचल्यावर वाटलं, आपण चरख्याच्या मागे लागण्याआधी कापूसच बघितला पाहिजे.

म्हणून वर्ध्याला गेले. पांढऱ्या सोन्याचा मुलूख, आणि खादीच्या प्रयोगांचं घरच ते. मगन संग्रहालय पाहायचं होतंच. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावाने उभं राहिलेलं हे संग्रहालय 1938 च्या डिसेंबरात गांधीजींच्या हस्ते सुरू झालं. तिथे चरख्यांचे प्रकार ओळीने बघताना लक्षात येतं की माणसांनी एकाच छोट्या कामासाठी, तंतू ओढून त्याला पीळ देण्यासाठी, किती डोकं लढवलंय. पण मला शिकायला मिळालं ते जवळच्याच एका गावात, आयुष्यभर सूत कातणाऱ्या एका मावशींकडे. मी पिशवीतून माझे पेळू काढले. त्यांनी एक उचलला, दोन बोटांनी ओढून पाहिला आणि बाजूला ठेवला. “आधी कापूस पाय ना ताई, चरखा मंग,” एवढंच म्हणाल्या.

मग आम्ही कपाशीपासून सुरुवात केली. वेचून आणलेला कापूस, आत सरकी. लाकडी पाटीवर थोडा कापूस ठेवायचा आणि त्यावरून लोखंडी सळई तळहाताने लाटायची. सरकी पुढे उडी मारून बाहेर पडते, रुई मागे राहते. काम सावकाश चालतं. साधारण किलोभर कापसातून साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास रुई निघते, बाकी सगळी सरकी. हाताने सरकी काढलेल्या रुईतले तंतू बरेचसे एकाच दिशेने पडलेले असतात आणि दाबलेले नसतात. यंत्रातून निघालेली आणि गाठीत दाबून बांधलेली रुई पुन्हा मोकळी करायला खूप पिंजावी लागते.

पिंजण्यासाठी मावशींकडे छोटी धनुकली होती, हातभर लांब, ताणलेल्या तातीची. धनुकली रुईच्या ढिगावर आडवी धरायची आणि तात छेडायची. तात थरथरते, कापसाचा एखादा पुंजका उचलते, हवेत फोडते आणि पुढे फेकते. कचरा, पानांचे तुकडे, कच्चे तंतू खाली गळतात. हळूहळू समोर इतका हलका ढीग जमतो की श्वासाने हलावा. मला वाटायचं पिंजलं, झालं. मावशी तो ढीग उचलून उजेडाकडे धरायच्या आणि त्यात कुठे ठिपका दिसला की पुन्हा खाली ठेवायच्या. ठिपका म्हणजे गुंतलेल्या तंतूंची गाठ. आज जो ठिपका राहील तो उद्या धाग्यात गाठ होऊन येणार, आणि त्याच जागी धागा तुटणार.

पिंजलेल्या कापसाचा पातळ थर पाटीवर पसरायचा, पेन्सिलीएवढी गुळगुळीत काडी त्यावर ठेवायची, थर काडीभोवती वळायचा, वरून छोट्या फळीने एकदोनदा हलकेच फिरवायचं आणि काडी ओढून घ्यायची. करंगळीएवढा जाड, वीतभर लांब, मधून पोकळ असा पेळू तयार. जास्त दाबला तर तंतू एकमेकांत रुततात, कमी दाबला तर हातात सुटतो. मावशींचे पेळू एकसारखे, जणू साच्यातून काढलेले. त्यातला एक घेऊन मी आत्याच्या टकळीवर बसले आणि धागा आपोआप निघाल्यासारखा निघाला. तोच हात, तीच टकळी, बदलला होता तो फक्त पेळू.

पुण्याला परतताना मी रुई आणली आणि पेटी चरखा घेतला. या चरख्याचं मूळ माझ्या घरापासून काही मैलांवरच आहे, हे मला आधी माहीत नव्हतं. 1930 साली गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांनी घडी घालून पेटीत मावेल अशा चरख्यावर काम केलं, म्हणून त्याला येरवडा चक्र म्हणतात. त्याच्या आदल्याच वर्षी, 1929 मध्ये, अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी कडक होत्या. चरखा हलका, खेड्यातल्या झोपडीत चालेल असा हवा, आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघायला हवं, किंमत दीडशे रुपयांच्या वर जायला नको. ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. आज घरात बसून कातताना त्या सोळा हजार फुटांचा आकडा वाचला की त्या मागणीचा आवाका कळतो.

पेटी चरख्यात दोन चाकं असतात. मोठं चाक हाताने फिरवायचं, त्याची माळ लहान चाकाला फिरवते, आणि लहान चाकावरची दुसरी माळ चातीला, म्हणजे सूत पिळून गुंडाळून घेणाऱ्या टोकदार काडीला. वेग असा दोनदा वाढतो, म्हणून एवढ्या छोट्या पेटीत काम भागतं. एकाच मोठ्या चाकाने तोच वेग हवा असता तर चाक कमरेएवढं करावं लागलं असतं. चात सरळ हवी, ही पहिली अट. जराशी वाकलेली असली तरी ती थरथरते आणि धागा टोकावर उडतो. चातीला टेकणाऱ्या जागी तेलाचा थेंब, माळेचा ताण बेताचा, एवढी निगा रोजची.

चरख्यावर डावा हात खरं काम करतो. धागा चातीच्या टोकाशी तिरका धरला की चातीच्या प्रत्येक फेऱ्याला तो टोकावरून निसटतो आणि एक पीळ आत जातो. उजवा हात चाक फिरवतो, डावा हात मागे मागे जातो, पेळूतून तंतू निघत राहतात. हात पूर्ण लांबला की क्षणभर थांबून चाक आणखी थोडं फिरवायचं, म्हणजे पीळ पुरा होतो. मग चाक किंचित उलटं, टोकावरचे वेढे सोडवायला. धागा चातीला काटकोनात आणायचा आणि चाक सुलट फिरवून गुंडाळून घ्यायचा. ओढणं, पीळ पुरा करणं, सोडवणं, गुंडाळणं, हे चारही एका लयीत आले की आपण बोलायला मोकळे होतो. रेडिओ लावून, गप्पा मारत, दाराशी बसून कातता येतं.

पीळ किती द्यायचा, याला हिशेब आहे आणि मला तो फार आवडला. सुताची बारकाई अंकात मोजतात. एक पौंड वजनात 840 वारांच्या जितक्या गुंड्या, म्हणजे सुताच्या लडी, बसतात तितक्या अंकाचं ते सूत. म्हणजे अंक वाढला की सूत बारीक. घरी हे काढायचं तर 100 मीटर सूत मोजून स्वयंपाकघरातल्या बारीक काट्यावर ठेवायचं. 7.4 ग्रॅम भरलं तर 8 अंक, 3.7 ग्रॅम भरलं तर 16 अंक. पिळाचा ढोबळ नियम असा की अंकाच्या वर्गमुळाला चाराने गुणायचं, तितके पीळ एका इंचात. 16 अंकाला इंचात 16 पीळ. म्हणजे दोन फुटांचा एक हात ओढला तर त्यात पावणेचारशेच्या वर फेरे जायला हवेत. ते टकळीवर चुटकीने भरायचे म्हणजे वेळ लागतो, आणि चरखा का हवा हे तिथे कळतं. विणायच्या सुताला मात्र मऊपणा हवा, म्हणून मी चाराऐवजी साडेतीनाच्या आत राहते. ताण्याचं, म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्यांचं, सूत मागावर घासलं जातं, त्याला घट्ट पीळ लागतो. सुयांवरच्या सुतावर तेवढा ताण येत नाही.

मोजायला फाळका, म्हणजे सूत गुंडाळायची चौकट, वापरते, 4 फूट घेराचा. एक वेढा म्हणजे एक तार. 160 तारांची लटी आणि 4 लट्यांची, म्हणजे 640 तारांची, गुंडी. गांधीजींच्या स्मृतीसाठी 12 फेब्रुवारीला स्वतः कातलेल्या सुताची गुंडी अर्पण करायची सूतांजलीची प्रथा विनोबांनी सुरू केली, ती हीच गुंडी. पावणेआठशे मीटर सूत. स्वतः कातून पाहिलं तेव्हा या मापाचा मान ठेवावासा वाटला.

कातलेलं सूत लगेच विणू नये. कच्च्या सुतात कापसाचं मेण आणि बाकीचं असतं, ते काढावं लागतं. लटी चार ठिकाणी सैल बांधायची, धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घातलेल्या पाण्यात बुडवायची आणि मंद आचेवर तासभर उकळायची. पाणी हळूहळू चहासारखं होतं. इतका पांढरा दिसणारा कापूस एवढा रंग सोडेल असं वाटत नाही. पाणी बदलून पुन्हा उकळलं की फिकं होत जातं. वाळलेली लटी हातात घेतली की फरक कळतो. पीळ जागच्या जागी बसलेला असतो, धागा वळवळत नाही आणि पाणी पडलं तर पटकन पितो. कापसाचं एक बरं असतं, तो ओला झाला की उलट जास्त मजबूत होतो, त्यामुळे उकळताना, पिळताना भीती नाही.

टोपड्यासाठी मी 8 अंकाच्या आसपास कातलं आणि तीन पदर केले. एकपदरी सूत विणलं तर वीण एका बाजूला झुकते, चौकोन तिरका होतो, कारण पिळाची ओढ एकाच दिशेची असते. पदर करताना चाक उलट्या दिशेने फिरवायचं. तीन लट्यांचे गुंडे तीन वाट्यांत, तिन्ही धागे बोटांमधून वेगवेगळे घेतलेले. उलटा पीळ सुलट्या पिळाला शांत करतो आणि धागा गोल, भरीव होतो. पदर केलेल्या धाग्याचा हातभर तुकडा मोकळा लोंबता धरला आणि तो स्वतःभोवती वळला नाही की जमलं.

विणताना सुताची वेगळी सवय करावी लागली. लोकरीच्या तंतूला लाटा असतात, ती ताणली की परत येते. सूत ताणलं की ताणलेलंच राहतं. म्हणून टोपड्याची कड एक सुलट एक उलट अशी घातली ती 14 नंबरच्या बारीक सुयांवर, आणि बाकीचं 12 नंबरच्या सुयांवर. टाकेही नेहमीपेक्षा थोडे कमी घेतले. वरच्या बाजूला टाके कमी करत आणले आणि शेवटच्या टाक्यांतून धागा ओवून बंद केलं. टोपडं वजनाला तीस ग्रॅमही नाही. भाची म्हणाली, “मावशी, हे धुतलं की आणखी मऊ होतंय गं.” तसं ते होतंच, प्रत्येक धुण्याला.

कातायला लागल्यापासून खादी भांडारात कापडाकडे बघायची माझी नजर बदलली. मी हौस म्हणून कातते. मला वेळेची घाई नाही आणि भावाची चिंता नाही. पण दिवसभर चात्यांशी बसून मजुरी मिळवणाऱ्या बायकांचं तसं नाही. त्यांचे हात माझ्यापेक्षा कितीतरी तयार आहेत, आणि तरी त्या सुताची किंमत गिरणीच्या सुताशी तोलली जाते. हातकताईच्या एका मीटर कापडामागे किती हजार मीटर सूत आहे हे कातणाऱ्याला बोटांनी कळतं. खादीत सवलतीचे दिवस कधी आहेत ते विचारणं मी तरी सोडून दिलंय. आपल्याकडे हौशी लोकांनी या बायकांकडून पेळू आणि सूत थेट, चांगल्या भावाने घ्यायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं. पेळू करायची कला तर फारच थोड्या हातांत उरली आहे.

कुणी विचारलं कुठून सुरुवात करू, तर मी टकळी घ्यायला सांगते. चरखा नंतर. आणि टकळीच्या आधी पाव किलो चांगली, गाठीत न दाबलेली रुई मिळवायची. विदर्भात ओळखीचं कुणी असेल तर वेचणीच्या दिवसांत थोडी कपाशी मागवावी, सरकी घरीच काढता येते. धनुकली नसेल तर दोन बारीक तारांच्या फण्या चालतात. हवा फार कोरडी असेल तर सूत जास्त तुटतं, म्हणून उन्हाळ्यात दुपारऐवजी सकाळी कातावं किंवा शेजारी ओलं फडकं ठेवावं. पावसाळ्यात हात आपोआप चालतो.

माझ्या पेटीत सध्या कापसाच्या जोडीला लोकरही आली आहे, अस्सल दख्खनी. धनगर मेंढ्यांची लोकर वर्षातून दोनदा कातरतात, आणि कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ, ती सगळ्यात मऊ. जावळाची घोंगडी म्हणून भारी समजतात ती यामुळेच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या यात्रेला गेलेल्या एका ओळखीच्या बाईंनी तिथल्या एका धनगर कुटुंबाशी बोलून थोडं जावळ मिळवून दिलं. काळं, किंचित तपकिरी झाक असलेलं. तंतू कापसाहून कितीतरी लांब, त्यामुळे पीळ कमी लागतो आणि चरख्याचा वेग उलट आवरावा लागतो. पेटी चरखा त्याला जरा जास्तच पळतो, म्हणून हे मी पुन्हा टकळीवर कातते आहे, जाडसर, दोन पदरी. आत्याला गुडघ्यांवर घ्यायला चौकोनी पांघरूण विणायचंय. नमुन्याचा तुकडा 8 नंबरच्या सुयांवर झाला आहे. वीण थोडी सैल वाटते, पुढचा 9 नंबरच्या, जरा बारीक सुयांवर घालून बघणार आहे.